बाराव्या महिन्याचं भाडं

मराठवाड्यातल्या लासूर स्टेशनला शाळेवर नेमणूक होऊन आलेले गुरुजी असोत, बँकेतला कारकून असो की कांद्याच्या हंगामासाठी मुक्काम टाकणारा व्यापारी, खोली भाड्यानं घेताना करार होतो तो बहुतेक अकरा महिन्यांचाच. मुदत संपते, पण कुणी विषय काढत नाही. बाराव्या महिन्यात भाडेकरू नेहमीसारखे पैसे देतो आणि घरमालक घेतात. दोघांनाही वाटतं, चाललंय ते चालू आहे. कायद्याच्या दृष्टीनं मात्र त्या एका व्यवहारात फार मोठी गोष्ट घडून गेलेली असू शकते.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 116 मला दर वेळी थक्क करतं. भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावरही भाडेकरू राहिला आणि मालकानं भाडं स्वीकारलं किंवा दुसऱ्या कोणत्या रीतीनं संमती दिली, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास पट्ट्याचं नूतनीकरण झालं असं कायदा मानतो. राहत्या घराच्या बाबतीत तो महिन्या-महिन्याचा पट्टा होतो, आणि मोडायचा तर कलम 106 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नवा कागद नाही, नवी सही नाही, तरी नातं पुढे चालू! अर्थात 2005 साली शांती प्रसाद देवी विरुद्ध शंकर महतो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की नुसते पैसे घेतले म्हणजे संमती दिली असं होत नाही. मालकाच्या मनात होकार होता, हे वागण्यातून दिसायला हवं.

आता याच्या शेजारी लिव्ह अँड लायसन्स ठेवून पाहा. त्याचं मूळ सुखाधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये, आणि तो कायदाही 1882 चाच. इथे घरात हक्क निर्माण होत नाही, फक्त राहण्याची परवानगी मिळते. मुदत सरली की परवानगी सरली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार त्यानंतरही जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. खोली तीच, माणसं तीच, महिनाही तोच. कागदातल्या अटींनुसार एकाची मुदत वाढते, दुसऱ्यावर दुप्पट आकारणी सुरू होते.

पट्टा आणि लायसन्स यांच्यातली ही रेषा पुसलीही गेली आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याखालच्या भागात 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना दुरुस्तीनं थेट भाडेकरू ठरवलं गेलं. लासूरकडे तेव्हा कायदाच वेगळा होता. हैदराबाद राज्याचा वारसा म्हणून मराठवाड्यासाठी 1954 चा हैदराबाद घरभाडे कायदा होता. हैदराबाद राज्य 1956 साली नकाशावरून गेलं, पण त्याचा भाडे कायदा रद्द झाला तो 31 मार्च 2000 रोजी, जेव्हा 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला. राज्य गेल्यावर चार दशकांहून अधिक काळ त्याचा कायदा घरमालक-भाडेकरूंचे तंटे सोडवत राहिला, ही गोष्ट शाळेच्या इतिहासात यायला हवी होती.

मग अकराच महिने का? एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून त्याच्या आत राहण्याची ही जुनी युक्ती. महाराष्ट्रात ती आता कामाची नाही. नव्या कायद्याचं कलम 55 मुदत विचारतच नाही: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे तर पुन्हा पुन्हा सांगावं असं आहे. हा कायदा त्याच्या अनुसूचींतल्या क्षेत्रांना लागू होतो. आपली जागा त्यात येते का, ते गंगापूर तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं.

खर्चाची भीती असेल तर हिशोब करून पाहा. लिव्ह अँड लायसन्सचा करार धरा: महिना 5,000 भाडं, 20,000 अनामत, मुदत 11 महिने. एकूण भाडं आणि अनामतीवर धरलेलं 10 टक्के व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत. ग्रामीण भागात नोंदणी फी 500. आधारच्या अंगठ्यावर हे काम घरबसल्याही होतं. तेव्हा मालक असा की भाडेकरू, मुदत संपण्याच्या महिनाभर आधी एकमेकांशी बोला, भाडं वाढणार का आणि किती ते ठरवा, आणि नवा करार नोंदवूनच पुढचे पैसे द्या किंवा घ्या.