आधी लॉग, मग पेचकस

सकाळी ७ : परतवाडा
फोन काल रात्रीच आला होता. चिखलदऱ्याच्या एका कार्यालयातला सर्व्हर रात्री-अपरात्री आपोआप रीस्टार्ट होतोय. "लाइटीमुळंच होऊन राहिलं भाऊ," असं निदानही पलीकडून ऐकवलं गेलं. पावसाळ्यात वर वीज ये-जा करते, म्हणून संशय रास्तच. बॅगेत लॅपटॉप, लॅन केबल, अँटिस्टॅटिक पट्टा आणि पेचकस टाकून मी मोथ्याच्या बाजूने घाट चढतो.

९:३० : चिखलदरा
सुमारे ११०० मीटर उंची, दाराशी धुकं, भिंतीला ओल. सर्व्हर चालू आहे, पण पुढचा दिवा पिवळा. "खोलून पाहा ना भाऊ," शिपाई म्हणतो. आत्ताच नाही. रॅम काढून पुन्हा बसवली की कधी कधी नुसत्या तेवढ्याने मशिन सुधारतं, दोष दडून बसतो आणि आठ दिवसांनी पुन्हा हाच घाट चढावा लागतो.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाची वेगळी चिप असते. सर्व्हर बंद असला, तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर ती जागी असते. तापमान, पंखे, व्होल्टेज, रॅम, पॉवर सप्लाय यांत बिनसलं की वेळेसकट नोंद करते. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी यासाठी आयपीएमआय ही सामाईक पद्धत आणली. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, बहुतेक ठिकाणी एकाच कमांडने लॉग निघतो.

१०:१५ : वेळेचा हिशेब
लॉगमधली शेवटची मोठी नोंद २०:४० ची. चौकीदार म्हणतो, "रात्री दोन वाजून गेले व्हते, पंखे एकदम बोंबलले." दोघंही खरे. बीएमसीचं घड्याळ यूटीसीवर आहे. साडेपाच तास मिळवले की २:१० होतात. हे जुळवल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर एका रात्रीचा गुन्हा दुसऱ्या संध्याकाळच्या माथी बसतो.

आता नोंदी वेगळ्या करायच्या. या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत : एक यूपीएसवर, दुसरा थेट मेनवर. वीज गेल्याच्या नोंदी भरपूर आहेत, पण त्या सगळ्या दुसऱ्याच्या, आणि त्या वेळी सर्व्हर पहिल्यावर बिनबोभाट चालत राहिला. रीस्टार्टच्या वेळी मात्र विजेची एकही नोंद नाही. तिथे आहेत रॅमच्या : ए-२ स्लॉटमध्ये दुरुस्त झालेल्या चुका, एकामागोमाग, आणि शेवटी दुरुस्त न होणारी एक.

सर्व्हरची रॅम ईसीसी असते. साध्या ईसीसीत सहसा प्रत्येक ६४ बिटांमागे ८ तपासणीचे बिट. एक बिट उलटला तर जागीच दुरुस्ती. दोन उलटले तर चूक फक्त कळते. या विचाराचा पाया बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्ये घातला. चूक कळते पण सुधारत नाही, तेव्हा खोटा आकडा पुढे जाऊ देण्यापेक्षा मशिन थांबतं.

लॉग फाइलमध्ये उतरवून घेतो आणि मगच पुसतो. जागा मोजकी असते; काही मशिनांत ती भरली की नवी नोंदच होत नाही.

१२ : पोस्ट
बॅकअप झाला, दोन्ही केबल काढल्या, मनगटाला पट्टा बांधला. आता पेचकस. ए-२ आणि बी-२ मधल्या रॅमची अदलाबदल करतो. सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासायची पद्धत सर्रास आहे, पण मुलामा पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड बरं.

बटण दाबलं की पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट, म्हणजे पोस्ट. सर्व्हरला यात कित्येक मिनिटं लागतात. हँग झालं समजून बटण पुन्हा दाबू नये. डिस्प्ले येण्याआधीच अडलं, तर बीप किंवा दोन आकडी कोड मिळतो. त्यांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, म्हणून त्याच मॉडेलचं मॅन्युअल जवळ हवं. आज पोस्ट सुखरूप पार पडते, पण त्यावर विसंबायचं नाही. पोस्टमधली रॅमची तपासणी धावती असते. कच्ची रॅम तापली आणि कामाला जुंपली की उघडी पडते.

१ ते ४ : मेमरी टेस्ट
टेस्ट लावून जेवण, वर इथलीच कॉफी. चूक ए-२ लाच राहिली, तर स्लॉट किंवा प्रोसेसरची वाट बिघडलेली. रॅमबरोबर बी-२ ला गेली, तर रॅम खराब. दोन्हीकडून गायब झाली, तर पट्ट्यांचा संपर्क सुधारला असं धरून लक्ष ठेवायचं. साडेतीनला नवी नोंद येते : बी-२.

५ : रिपोर्ट
खराब रॅम काढली. उरलेल्या मॅन्युअलमधल्या क्रमाने बसवल्या. वॉरंटीच्या मागणीला सकाळची फाइल जोडली. नुसतं "बंद पडतं" लिहिलं असतं, तर "रीस्टार्ट करून पाहा" एवढंच उत्तर आलं असतं.

"म्हणजे लाइटीचा काहीच दोष नाही?" साहेब विचारतात.

"आहे की. दुसरा पॉवर सप्लायही यूपीएसवर घ्या, आणि अर्थिंग तपासून घ्या. पण ते वेगळं दुखणं आहे साहेब, म्हणून रिपोर्टात वेगळ्या ओळीत लिहिलंय."