गीतांतून येणारी कोरियन भाषा

आमच्या धर्मग्रामांतील अनेक घरांतून सध्या कोरियन गीतांचे सूर ऐकू येतात. अर्थ कळत नसता मुले हे तासन्‌तास ऐकतात, त्यातून भाषा येते काय, असा प्रश्न पालक करतात. प्रश्न रास्त आहे.

गीत प्रथम कानाला वळण लावते. कोरियन भाषेत 'क', 'ख' यांच्या जोडीला 'क'चाच एक आवळून, जोर देऊन केलेला तिसरा उच्चार आहे. हा भेद पुस्तकातून समजत नाही. ध्रुवपद शंभरदा ऐकल्यावर तो आपोआप जिभेवर येतो. मात्र तेवढ्याने संभाषण साधत नाही. लॅटिन मिस्सा गाणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक आहे. उच्चार बिनचूक असे, पण त्या भाषेत कोणी पाणी मागितले नसते!

म्हणून गीताच्या जोडीला लिपी शिकावी. राजा सेजोंग यांनी १४४३ साली सिद्ध केलेल्या व १४४६ मध्ये जाहीर केलेल्या 'हंगुल' लिपीत आज १४ मूळ व्यंजने व १० मूळ स्वर आहेत. काही दिवसांच्या सरावाने ती वाचता येते. रोमन अक्षरांत लिहिलेली गीते मात्र फसवतात. आपल्या 'ऑ'च्या जवळचा एक स्वर तेथे दोन अक्षरांनी लिहिला जातो व मुले तो 'इओ' असा वाचतात. वाक्यरचनेची धास्ती मराठी माणसाने बाळगू नये. 'मी भात खातो' हाच क्रम तेथेही आहे. क्रियापद शेवटी, आणि विभक्तिप्रत्ययांसारखे प्रत्यय नामाला मागून जोडलेले.

खरी अडचण आदराची आहे. प्रेमगीते बहुधा जवळिकीच्या, 'अरे-तुरे'च्या भाषेत असतात. 'सारांगहे' म्हणजे 'माझे तुझ्यावर प्रेम आहे'. आदराने म्हणावयाचे तर 'सारांगहेयो', औपचारिक प्रसंगी 'सारांगहाम्निदा'. केवळ गीतांवर वाढलेला विद्यार्थी कोरियन शिक्षकांशी वा वयस्कांशी बोलू लागला, तर नकळत त्यांना 'तू' म्हणून बसेल. तेथे हे उद्धटपणाचे ठरते. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांत वाढलेल्या आपल्या मुलांना हा भेद समजावणे कठीण नाही, पण तो कोणीतरी सांगावा लागतो. पाठ झालेल्या ओळीतील क्रियापद घेऊन त्याची आदरार्थी रूपे वहीत लिहून काढणे, हा त्यावरील साधा अभ्यास होय.

नात्यांच्या शब्दांचेही तसेच. २०१२ सालच्या 'गंगनम स्टाइल' या गीताने 'ओप्पा' हा शब्द जगभर नेला. त्याचा अर्थ 'दादा', परंतु तो मुलीच वापरतात. मुलगा आपल्या थोरल्या भावाला 'ह्योंग' म्हणतो. थोरली बहीण मुलीची 'ओन्नी', मुलाची 'नूना'. वडिलांना मात्र मुलगा-मुलगी दोघेही 'आप्पा' म्हणतात, आणि हा शब्द आमच्या वाचकांना शिकवावा लागू नये.

जाता जाता एक सूचना. बीटीएस या गायकवृंदाचे २०२० मधील 'डायनामाइट' हे गीत संपूर्ण इंग्रजीत आहे. ते कितीही वेळा ऐकले तरी कोरियन यावयाचे नाही.