पाटी होती, पण दिसली कुणाला?

ताईंनो,

मागच्या महिन्यात एका गटाच्या मिरची कांडप केंद्रावर बैठकीला गेले होते. बोलता बोलता एका ताईंच्या पदराचं टोक मशीनच्या पट्ट्यात गेलं. शेजारच्या ताईंनी पटकन बटण बंद केलं, म्हणून पदर फाटण्यावर निभावलं. समोरच्या भिंतीवर पाटी होती, 'सुरक्षिततेचे सर्व नियम काटेकोरपणे पाळावेत.' मी विचारलं, ही कुणी वाचली होती का? एक ताई म्हणाल्या, "ती होय? ती तर उद्घाटनापासून तिथंच आहे."

रोजची गोष्ट डोळ्यांना दिसेनाशी होते. शिवाय त्या पाटीत नेमकं काय करायचं तेच नव्हतं. म्हणून आपल्या केंद्रात पाटी लावताना एवढं बघा.

१. आधी पट्ट्याला जाळी बसवा. पाटी म्हणजे जाळी नव्हे. धोका झाकल्यावर जो उरतो, त्याच्यासाठी पाटी.

२. काय करायचं ते लिहा. नुसतं 'सावधान' नको. 'पदर खोचा, मगच बटण दाबा' एवढंच पुरे. एका पाटीवर एकच गोष्ट.

३. चित्र काढा. सगळ्याच जणींना वाचता येतं असं नाही. डीपीवरची कवटी सगळ्यांना कळते, पण ती फक्त 'धोका' सांगते. आपल्या पाटीवर पट्ट्यात ओढला जाणारा पदर दाखवा.

४. रंग विचार करून निवडा. पिवळ्यावर काळी अक्षरं लांबून उठून दिसतात. कमी उजेडात लाल रंग काळपट वाटतो. रंगांना अर्थही असतो. कीटकनाशकाच्या डब्यावरचा चौकोन बघा. त्याच्या खालच्या त्रिकोणात लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे!

५. हात जातो तिथं लावा. बटणाच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर. दाराच्या मागे किंवा कॅलेंडरच्या गर्दीत नको. दहा फुटांवरून वाचायची असेल तर अक्षर निदान एक इंच उंच ठेवा.

६. काही पाट्या कामापुरत्याच टांगा. मशीन साफ करताना मेन स्विच बंद करून त्यावर 'आत हात आहे, चालू करू नका' अशी पाटी अडकवा. काम झालं की लगेच काढा. कायम लटकत राहिली तर खरं काम चालू असेल तेव्हाही कुणी तिला मानणार नाही.

आता परीक्षा. पाटी रंगवण्याआधी कागदावर काढा आणि वाचता न येणाऱ्या एखाद्या ताईंना दाखवा. आपण काही समजावून सांगायचं नाही. फक्त विचारायचं, "इथं काय करायचं?" त्यांनी बरोबर सांगितलं तर पाटी पास. नाही सांगितलं तर चूक पाटीची, ताईंची नाही.

त्या गटानं अशीच परीक्षा घेतली. पहिल्या चित्रातला पदर आजीबाईंना साप वाटला! मग साडीला काठ काढले, बाई काढली, तेव्हा कुठं जमलं. आता पट्ट्याला जाळी आहे आणि बटणाशेजारी पाटी. पदर खोचल्याशिवाय कुणी बटणाला हात लावला, तर दुसरी ताई नुसतं पाटीकडे बोट दाखवते.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जवसुली झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपल्या केंद्रात फिरा आणि प्रत्येक पाटीसमोर एकमेकींना विचारा, ही शेवटची कधी वाचली होती?