शोधनिबंध आणि प्रवेशाची हमी

अकरावीतल्या मुलाच्या नावावर एखादा शोधनिबंध छापून आणला, की अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात त्याचा प्रवेश मुक्रर झाला, हा समज पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतून हल्ली इतक्या ठामपणे बोलून दाखवला जातो, की त्याचा पुरावा मागणाराच अडाणी ठरावा. पुरावा म्हणून पुढे केले जाते ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रवेशप्रमुखांचे विधान, की निवडलेल्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनी शालेय वयातच संशोधन केले होते. विधान खरे; निष्कर्ष साफ चुकीचा. निवडलेल्यांत संशोधन करणारे किती, हा एक प्रश्न. संशोधन करणाऱ्यांपैकी निवडले गेले किती, हा सर्वस्वी दुसरा. नाकारलेल्या हजारो अर्जांसोबत किती शोधनिबंध परत गेले याचा हिशेब समोर नसताना त्या आकड्यावरून कुणाचीही शक्यता मोजता येत नाही. आणि उरलेले दोन-तृतीयांश संशोधनावाचूनच आत गेले, हे सांगण्याची तसदी मार्गदर्शनाचे दुकान मांडून बसलेले लोक कशाला घेतील?

‘कॉमन डेटा सेट’ या वार्षिक तक्त्यात विद्यापीठे आपले निकष जाहीर करतात. त्यात अभ्यासक्रमाचा कस, गुण, निबंध, शिफारसपत्रे, अभ्यासेतर उपक्रम अशी कलमे आहेत. संशोधनाचा स्वतंत्र रकाना नाही. ‘कॉमन ॲप’ या अनेक विद्यापीठांसाठीच्या सामायिक अर्जात दहा उपक्रमांना जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरचिन्हे. संशोधन निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे: एमआयटी त्याचा तपशील स्वतंत्रपणे स्वीकारते, आणि मुलाने खरोखर डोके झिजवले असेल तर ते मार्गदर्शकाच्या शिफारसपत्रात आपोआप उतरते.

किरकोळ गैरसमज थोडक्यात. ‘छापले म्हणजे तज्ज्ञांनी तपासले’: ‘प्रोपब्लिका’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने मे २०२३मध्ये दाखवून दिले, की अडीच ते दहा हजार डॉलर घेऊन शोधनिबंध घडवून देणारा धंदाच उभा आहे आणि विद्यार्थ्यांसाठीच्या कित्येक नियतकालिकांची छाननी नावापुरती असते. ‘जितके शुल्क अधिक, तितका उन्हाळी उपक्रम श्रेष्ठ’: एमआयटीत भरणाऱ्या, अत्यंत प्रतिष्ठित ‘आरएसआय’ या उन्हाळी संशोधन उपक्रमाला शिक्षणशुल्कच नाही. ‘शोधनिबंध आयआयटीलाही उपयोगी पडेल’: तिथे बी.टेक.चा प्रवेश प्रामुख्याने जेईई ॲडव्हान्स्डच्या क्रमांकावर ठरतो. छापील शोधनिबंधाला गुण नाहीत.

तेव्हा पालकांना विनंती एवढीच, की मुलाला प्रश्न पडला असेल तर त्याला जवळच्या प्रयोगशाळेची वाट अवश्य दाखवावी. पडलाच नसेल, तर तो विकत आणू नये.