लांबचा रस्ता, कमी वेळ

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को विमानाने किती दूर आहे? भूगोलाच्या वहीत एकच उत्तर चालते. इथे मात्र निदान तीन आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत.

पहिले उत्तर लायब्ररीतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून मिळते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर बघू नका, तो इथे हमखास फसवतो. ताणलेला दोरा पूर्वेला किंवा पश्चिमेला न जाता जवळजवळ उत्तरेकडे निघतो. हिमालय, सायबेरिया, आर्क्टिक समुद्र आणि मग अलास्कावरून खाली. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते.

पण हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमाने शक्यतो नेत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते. तिथे जमीनच त्याहून उंच! म्हणून वळसा आला.

एअर इंडियाचे विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेले. हे अंतर झाले सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले, जुन्या मार्गापेक्षा सुमारे दोन तास आधी.

याचे कारण वारा. आपल्या आणि अमेरिकेच्या अक्षांशांवर, साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेतला वेग असतो आणि ती हवा स्वतःच पळत असते. धावत्या रेल्वेच्या डब्यात पुढे चालत जाण्यासारखेच हे. (सुट्टीत घरी जाताना दोन रात्री गाडीत काढतो, त्यामुळे हा प्रयोग मी भरपूर केला आहे. घर मात्र लवकर येत नाही.) बोइंग ७७७ हवेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. पण १५,३०० ला साडेचौदाने भागा, ताशी १,०५५ येतात! वरचा वेग वाऱ्याने दिला. दोन तास कमी उडणे म्हणजे तेवढे इंधन कमी, आणि एवढ्या लांबच्या उड्डाणात इंधनाचे वजनच फार मोठे असते.

घड्याळाची गंमत वेगळीच. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यामागे साडेबारा तास असते. पहाटे चारला दिल्ली सोडा, साडेचौदा तास उडा, तर उतरताना तिथे त्याच तारखेचे सकाळचे सहा वाजलेले असतात.

हे वारे हिवाळ्यात जोर धरतात, उन्हाळ्यात मंदावतात आणि जागाही बदलतात. म्हणून मार्ग प्रत्येक उड्डाणाआधी हवामानाचा अंदाज पाहून ठरवावा लागतो. परतताना अटलांटिकवरून आले, तर वारा पुन्हा पाठीशीच. जाणे पूर्वेकडे, येणेही पूर्वेकडे, आणि दिल्लीला परत येईपर्यंत पृथ्वीला एक प्रदक्षिणा पूर्ण.