नोकरी सांभाळून संशोधन: कोसंबींची नाणी

नोकरीबरोबर स्वतःच्या ओढीने चालवलेला प्रकल्प वेळेअभावी जितका रखडतो, त्याहून अधिक विखुरलेल्या लक्षामुळे रखडतो. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना पहिल्याचे विचार मनात रेंगाळतात, आणि या रेंगाळण्याला संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये ‘लक्षाचा अवशेष’ या अर्थाची संज्ञा दिली. या दृष्टीने दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे उदाहरण विलक्षण मोलाचे आहे. गणित हा त्यांचा पेशा होता, आधी फर्ग्युसन महाविद्यालयात आणि १९४५पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिच्यासाठी ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जात. तरीही आहत नाणी, म्हणजे चिन्हांचे ठसे उमटवलेली प्राचीन नाणी, हजारोंच्या संख्येने तोलून, वापराने झिजताना नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते, या संख्याशास्त्रीय तत्त्वावर त्यांनी नाणेसाठ्यांचा कालक्रम शोधला. पेशातील पद्धतच छंदाला लावल्याने दोन कामांमधील अंतर कमी झाले असावे, आणि खरे मर्म वेळापत्रकापेक्षा इथेच आहे. प्रकल्प निवडणाऱ्यांनी आपल्या नोकरीतील कोणते कौशल्य त्याला थेट लावता येईल, हे आधी तपासावे.