जालन्याच्या काळ्या रानात कापूस वाढला, चांगला धागा मागे का पडला?

कापूस विकायला नेला की व्यापारी ओलावा पाहतो, कवडी पाहतो, रंग पाहतो. धागा लांब आहे म्हणून जादा पैसे मात्र गावपातळीवर क्वचितच मिळतात. ही पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती समजून घ्यायची तर इंग्रजांचा अंमल आपल्या भागात कसा पसरला, तिथपासून सुरुवात करावी लागते.

असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे जालना निजामाच्या राज्यात राहिले, पण इथे इंग्रजांची छावणी बसली. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च निजामाच्या खजिन्यावर पडत होता आणि त्याची बाकी थकत गेली. ती वसूल करण्यासाठी १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार हाती घेतला. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा ही शेजारची गावे इंग्रजी अंमलात गेली, तर जालना निजामाकडे राहिले. सरहद्द आखली गेली तरी दोन्हीकडची काळी जमीन एकच होती, आणि बाजाराची ओढही दोन्हीकडे सारखीच.

वऱ्हाडच का हवा होता? तिथला कापूस हे त्याचे मोठे कारण. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाल्याने लँकेशायरच्या गिरण्या अडल्या. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले आणि ज्वारीच्या रानात कापूस शिरला. युद्ध संपताच १८६५ मध्ये भाव कोसळले. सारा मात्र रोखीतच भरायचा होता आणि सावकाराचे व्याजही थांबले नव्हते. पुणे जिल्ह्यात हाच ताण पुढे १८७५ मध्ये सुपे गावच्या उठावात फुटला. तिथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली.

बनी गेली, जरी आली

आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाणांची आहे. वऱ्हाड आणि आसपास 'बनी' नावाचा देशी कापूस होता. त्याचा धागा मऊ आणि बराच लांब, पण रुईचा उतारा कमी. दुसरा 'जरी'. त्याचा धागा आखूड आणि भरड, पण उतारा जास्त आणि पीक काटक. इंग्रज अधिकारी लांब धाग्याची मागणी करत होते. शेतात मात्र जरी वाढत गेली.

अधिकाऱ्यांच्या अहवालांत याचा दोष बहुधा शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकलेला असतो. हिशेब करून पाहा. समजा, एक क्विंटल कापसातून बनीची २६ किलो आणि जरीची ३४ किलो रुई निघते. कापसाचे उत्पादन सारखेच धरले, तर बनीच्या रुईला जरीपेक्षा ३० टक्क्यांहून अधिक भाव मिळाल्याशिवाय ती परवडत नाही. तो जादा भाव शेतकऱ्यापर्यंत येतच नव्हता. वाटेत अडते, दलाल आणि निर्यातदार दोन्ही कापूस एकत्र करत. भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदाही केला, पण चांगल्या मालाचे पैसे शेताच्या बांधापर्यंत पोचवायची सोय त्यात नव्हती. माझ्या मते शेतकऱ्याचा हिशेब अगदी बरोबर होता, चूक बाजाराच्या रचनेत होती.

कडबा, सरकी आणि पेव

कापसाखाली गेलेल्या रानाचा दुसरा परिणाम गोठ्यात दिसला. ज्वारीपासून धान्य आणि कडबा दोन्ही मिळतात. कापसाची पऱ्हाटी जळणाला चालते, बैलाला नाही. पूर्वी गावातच रेच्यावर कापूस पिंजण्याआधी सरकी वेगळी होई आणि ती जनावरांना मिळे. जिनिंग कारखाने आले तशी सरकीही कापसाबरोबर शहरात गेली. हाताने सूत कातणाऱ्या बायकांचे काम तर विलायती सुताने आधीच हिसकावले होते.

१९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून सुरू झाली. त्याच वेळी १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. रेल्वेने धान्य आणता येते तसेच बाहेरही नेता येते, आणि ते जिथे पैसा असेल तिकडे जाते. ज्याचे ज्वारीचे पेव भरलेले होते त्याला निदान खायला होते. ज्याच्याकडे फक्त कापूस होता, त्याला पीक बुडाल्यावर महाग धान्य घेण्यासाठी पैसेच उरले नाहीत.

नंतर निजाम सरकारने नांदेड-परभणी पट्ट्यातील गावरानी कापसात हलक्या कापसाची भेसळ होऊ नये म्हणून कायद्याने बंदोबस्त केला. बनीच्या कुळातला हा कापूस तिथे टिकण्यामागे ते एक कारण आहे. परभणीच्या विद्यापीठाने पुढे पीए २५५ (परभणी तुराब), पीए ४०२ (विनायक) आणि पीए ०८ हे सुधारित देशी वाण दिले. कोरडवाहू रानात, रस शोषणाऱ्या किडींचा त्रास जास्त असेल तिथे त्यांचा विचार जरूर करा.

लावण्याआधी खरेदीदाराशी मात्र बोलून घ्या. गटाने विक्री करणार असाल तर थोडा कापूस जिनिंगमध्ये वेगळा काढून रुईची टक्केवारी आणि धाग्याची लांबी तपासून घ्या. वाण एकमेकांत मिसळू नका, वेचणीही वेगळी ठेवा. हमीभाव मध्यम आणि लांब धाग्यासाठी वेगवेगळा असतो. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते, म्हणून वेचलेला कापूस वाळवूनच न्या.